नाक चोंदलंय, बाळ रात्री झोपतच नाही. तुम्ही काय करता?

मृण्मयी_जुळेसोलापूर | १९ जानेवारी, रात्री ११:५०

आज चौथी रात्र. लेक खांद्यावर आहे आणि मी एका हाताने लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुलगा १४ महिन्यांचा. गड्ड्याच्या जत्रेला घेऊन गेलो होतो. होम मैदानावरची धूळ, शोभेच्या दारूकामाचा धूर, वरून गार वारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक गळायला लागलं. पहिल्या दिवशी अंग थोडं कोमट लागलं, नंतर ताप नाही. दिवसा बरा असतो. खेळतो, वरणभात खातो. पण रात्री आडवा केला की अर्ध्या तासात नाक बंद. घशात घुरघुर, तोंड उघडं, मग दचकून उठतो आणि रडतो. पाजायला घेतलं तर दोन घोट ओढून सोडून देतो. तोंडात दूध असताना श्वास कुठून घेणार तो? रडलं की नाक आणखी चोंदतं. पहाटेपर्यंत हेच.

छातीला बाम चोळला, ओव्याची पुरचुंडी शेकून लावली. काल सासूबाईंनी वेखंड-ओव्याची धुरी दिली. धुरीनंतर खोकला वाढला असं मला वाटतंय, पण त्या इतक्या मायेने करतात की बोलायला जीभ रेटत नाही.

आणि एक चूक झाली माझ्याकडून, तीही लिहितेच. मोठ्या मुलीचं गेल्या हिवाळ्यातलं सर्दीचं सिरप कपाटात अर्धं उरलं होतं. तिच्या निम्मं म्हणून परवा रात्री त्याला पाजलं. निदान झोपेल तरी, असं वाटलं. तो उलट पहाटे चारपर्यंत टक्क जागा. छाती इतकी धडधडत होती की माझ्या तळहाताला ठोके लागत होते. घाबरून गेले. मी कुणालाच सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा सांगतेय.

रात्र कशी काढायची, ते सांगा.

---

कावेरी_शेळगी | १२:०५

मृण्मयी, तू एकटी नाहीस गं. आमच्या गल्लीत घरटी एक पोर सध्या असंच आहे. सिंधूअक्का इथे रात्री उशिरापर्यंत असतात, त्यांची वाट बघ.

---

सिंधूअक्का | १२:२०

आले. मी मुलांच्या वॉर्डात २८ वर्षं सिस्टर होते. सविस्तर लिहिते, कारण दर हिवाळ्यात हाच प्रश्न येतो.

आधी ते सिरप घरातून काढून टाक. रागावत नाही मी. अशा औषधांत बहुधा क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन ही जोडी असते. ४ वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये असं बाटलीवर छापा, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडे विषारी खोकल्याच्या औषधाने मुलं गेली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की २ वर्षांखाली ही औषधं देऊच नका आणि ५ वर्षांखालीही शक्यतो टाळा. मूल एकतर गुंगतं नाहीतर तुझ्या मुलासारखं टक्क जागं राहतं, आणि नाक काही मोकळं होत नाही. तू एकदाच दिलंस, तो आता नीट खेळतोय, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मात्र लपवू नकोस, सांग.

दिवसा बरा आणि रात्री बेजार का? उभं असताना शेंबूड पुढे गळून जातो. आडवं झालं की तो मागे घशात उतरतो, आणि डोक्याकडे रक्त साचून नाकाच्या आतलं अस्तरही फुगतं. लहान मुलाच्या नाकाची वाट मुळातच चिंचोळी, त्यात एवढीशी सूज पुरते. घुरघुर ऐकून आपल्याला वाटतं छाती भरली. बहुतेक वेळा तो आवाज नाक-घशातलाच असतो. पाठीवर हात ठेवला तर तिथेही थरथर लागते, म्हणून माणूस फसतो.

आता उपाय. मेडिकलमध्ये लहान मुलांचे सलाईनचे नाकाचे थेंब माग. ते नुसतं ०.९ टक्के मिठाचं पाणी असतं. बाटली हातात घेऊन वाच, औषध म्हणून फक्त सोडियम क्लोराइडचं नाव हवं. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन दिसलं तर परत कर. त्याने नाक झटकन उघडतं खरं, पण काही दिवस सलग टाकलं की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदायला लागतं, आणि तान्ह्या बाळांना तर त्याने गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.

टाकायचं कसं, हे नीट वाच, कारण बहुतेक जणी इथेच चुकतात. बाटली दोन मिनिटं मुठीत धर. गार थेंब पडला की मूल दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच रडतं. मांडीवर उताणं घे, मान किंचित मागे. एकेका नाकपुडीत दोन-तीन थेंब, बाटलीचं टोक नाकाला न टेकवता. मग घाई न करता पुरतं एक मिनिट थांब. त्या मिनिटात वाळलेला शेंबूड भिजून सुटतो. नंतर उभं धर. शिंकला तर फारच छान. नाही शिंकला तर रबरी फुगा घे. फुगा बाहेरच दाबायचा, दाबलेलाच नाकपुडीच्या तोंडाशी लावायचा, आत खुपसायचा नाही, आणि सावकाश सोडायचा. दर वेळी गरम साबणाच्या पाण्याने आतून धू. दिवसातून तीन-चारदाच. जास्त ओढाओढ केली तर नाक आतून सोलवटतं, रक्त येतं आणि सूज वाढते. पाजण्याआधी आणि निजवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं हे केलंस तर दूधही नीट ओढेल.

बाम बंद. त्यात कापूर असतो आणि २ वर्षांखाली तो लावायचा नाही. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात. पुरचुंडीतही कापूर घालू नका, मुलं ती तोंडात घालतात. नाकात तेल, तूप, आईचं दूध काही सोडायचं नाही. तेल-तूप फुफ्फुसात उतरलं तर तिथे न्यूमोनिया होतो. तोंडाशी वाफ धरणं तर नकोच. गरम पाण्याच्या पातेल्याने भाजलेली मुलं मी हातांनी ड्रेसिंग केली आहेत.

१ वर्ष झालेलं आहे, तर रात्री झोपण्याआधी अर्धा चमचा मध चाटव. खोकल्याची उबळ कमी होते. १ वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही लावू नका. त्यातून बॉट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो, त्यात बाळाचे स्नायू लुळे पडत जातात.

दूध बंद करू नकोस. दुधाने कफ होतो हे खरं नाही. थोडं थोडं, जास्त वेळा दे.

---

मृण्मयी_जुळेसोलापूर | १२:३५

अक्का, नवरा आत्ताच गाडी काढून मेडिकल शोधायला गेलाय. डोक्याखाली उशी द्यायची का?

---

सिंधूअक्का | १२:४०

नको. तो झोपेत घसरून उशीच्या खाली जाईल आणि मान वाकडी होईल. वर्षाच्या आतलं बाळ तर सपाट, घट्ट गादीवर, उताणंच. गादीखाली पांघरुणाच्या घड्या घालायच्या नाहीत, झोळीत रात्रभर ठेवायचं नाही. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. फारच चोंदलं तर उचलून खांद्यावर उभं धर, वीस मिनिटं. नाक मोकळं झालं की परत सपाट. आणि तुला डुलकी येत असेल तर सोफ्यावर, खुर्चीत त्याला घेऊन बसू नकोस. नवऱ्याला उठव.

---

पूर्वभागातला | १२:५५

आमच्याकडं दोघं जुळे, आता ३ वर्षांचे. मी बाप आहे, सकाळची पाळी असते, तरी आम्ही रात्र वाटून घ्यायचो. १० ते २ बायको झोपायची, २ ते ६ मी. दोघांनी मिळून जागलं की दोघंही सकाळी चिडलेले.

जानेवारीत आपल्याकडं हवा लई कोरडी. थंडी फार नसते पण ओठ फुटतात, तसंच मुलांचं नाक आतून वाळतं. आम्ही टर्किश टॉवेल भिजवून, पिळून, खुर्चीच्या पाठीवर टाकायचो. पाळण्यावर नाही, तोंडावर पडायला नको. सकाळपर्यंत टॉवेल कडक वाळलेला असायचा, म्हणजे तेवढं पाणी खोलीतल्या हवेत गेलं. बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून बसा असं इंटरनेटवर वाचलं होतं. ज्या घरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथं ते कसं जमणार? एका टॉवेलाला तांब्याभर पाणी पुरतं.

आणखी एक. मी यंत्रमागावर आहे. कपड्यांवर, केसांत कापसाचा तूस असतो. आधी घरी आल्या आल्या पोरांना उचलून घ्यायचो. मोठ्याचं नाक सदा गळकं. आता दारातच सदरा बदलतो, हातपाय-तोंड धुतो, मगच घेतो. फरक पडला.

---

रेश्मा_कुंभारी | सकाळी ६:४०

यावर मलाही सांगायचंय. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि शेजारी माझी मुलगी रांगत असायची. महिन्यातून दोनदा सर्दी, रात्रभर खोकला. डॉक्टरांनी घरात काय काम चालतं हे विचारलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आईचं काम थांबवता येत नाही, घर त्यावर चालतं. मग जागा बदलली. आई आता पुढच्या ओसरीत बसते, पोर मागच्या खोलीत. तंबाखू झाडून काढत नाही, ओल्या फडक्याने पुसते. आईला आधी वाईट वाटलं, नात आपल्यापासून दूर केली म्हणून. आता काम संपलं की अंघोळ करून तिला मांडीवर घेते. सर्दी होते अजूनही, पण पूर्वीसारखी पाठोपाठ नाही.

डासांची अगरबत्ती, धूप हेही बंद केलं. मच्छरदाणी लावतो.

---

नलिनी_बाळीवेस | सकाळी ९:१५

मी सगळं वाचलं. माझं वय ७१. धुरी घेऊन माझी पाच मुलं आणि आठ नातवंडं वाढली. वेखंड, ओवा, लसणाची सालं निखाऱ्यावर, बाळ पालथं धरून शेक. आम्हाला कुठे सलाईन माहीत होतं? आता सगळंच वाईट कसं झालं? मृण्मयीच्या सासूबाईंचंही मन जाणा.

---

सिंधूअक्का | सकाळी ९:५०

नलूताई, तुम्ही बोललात ते बरं झालं, कारण प्रत्येक घरात हेच अडतं.

माझ्या आईनेही मला धुरी दिली. पण धूर तो धूरच, वेखंडाचा असो की चुलीचा. सुजलेल्या नाकाला आणि श्वासनळीला तो आणखी खाजवतो. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याचा वास येत नाही. तेव्हा घरं कौलारू, मोकळी होती. आता फ्लॅटच्या खिडक्या लावून धुरी देतात.

बाळाला बरं वाटायचं ते कशाने, सांगू? तुमच्या मांडीच्या उबेने, आणि पालथं धरल्यामुळे शेंबूड पुढे गळायचा त्याने. तेवढं आजही करा. कोमट हाताने पाठ चोळा, तळपाय चोळा, उभं धरून फिरवा. आजीचा हात कुणी थांबवत नाही.

---

नलिनी_बाळीवेस | सकाळी १०:१०

हे पटलं. पालथं धरल्यावर नाक गळायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

शुभा_टिळकचौक | दुपारी २:३०

एक वेगळा अनुभव लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल. माझ्या अडीच वर्षांच्या मुलीची एकच नाकपुडी गळायची. डावी. तीन आठवडे. हिरवट पाणी आणि इतका घाण वास की जवळ घेतली तरी जाणवायचा. आम्ही सर्दी समजत होतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं तर आत मोती. माझ्याच ब्लाउजच्या लटकनाचा. चिमट्याने दोन मिनिटांत काढला. एकाच बाजूने गळत असेल आणि वास येत असेल तर घरी काही करू नका, पिनेने, चिमट्याने तर नाहीच. मणी, शेंगदाणा, चिंचोका, काहीही असू शकतं.

---

विजू_होटगीरोड | संध्याकाळी ७:००

हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक लागतंच का? आमच्याकडे प्रत्येक वेळी लिहून देतात.

---

सिंधूअक्का | संध्याकाळी ७:२५

नाही. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. सर्दी विषाणूची, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. ७ ते १० दिवसांत नाक निवळतं, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. लहान मुलाला वर्षात सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे, बालवाडीत जायला लागल्यावर तर जास्तच. दहा दिवसांनंतरही उतार नाही, किंवा बरं होता होता पुन्हा ताप चढला, तर दाखवा. आणि सर्दी नसतानाही महिनोन्महिने तोंड उघडं टाकून घोरत असेल, झोपेत श्वास अडकून हबकत असेल, तर ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेत का ते तपासून घ्या. त्याला थेंब पुरत नाहीत.

---

नवीआई_२०२५ | २१ जानेवारी, रात्री १:३५

कुणी जागं आहे का? माझी मुलगी अडीच महिन्यांची. परवापासून सर्दी. धागा वाचून सलाईन टाकलं, नाक मोकळं वाटतंय, तरी ती नीट पीत नाही. श्वास भरभर घेतेय असं वाटतं. ताप नाही. आई म्हणते सकाळी जाऊ.

---

सिंधूअक्का | १:३८

जागी आहे. आत्ता हे कर. अंगावरचं पांघरूण काढ, झबलं वर कर, दिवा लाव. ती रडत नसताना पोटाकडे बघ. पोट वर आलं की एक. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस, लहान बाळांचा श्वास मधेच थांबून चालतो. आणि बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो का बघ. दुपारपासून लंगोट किती ओले झाले?

---

नवीआई_२०२५ | १:४३

६४. दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा ६२. खड्डा पडतोय. नाकपुड्याही फुलतात. लंगोट संध्याकाळपासून एकच ओला.

---

सिंधूअक्का | १:४४

सकाळची वाट बघू नकोस. आत्ता निघ. गाडी नसेल तर १०८ लाव. सिव्हिलला रात्रभर मुलांचे डॉक्टर असतात, किंवा जवळ जिथे लहान मुलांसाठी ऑक्सिजनची सोय आहे तिथे जा. वाटेत तिला छातीशी उभी धर, तोंड झाकू नकोस, जबरदस्तीने पाजू नकोस. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांग, "श्वास ६४ आहे आणि छाती आत ओढली जातेय."

बाकीच्यांसाठी लिहून ठेवते. एका मिनिटात २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे, त्याच दिवशी दाखवायचं. छाती आत ओढली जाणं, कण्हणं, ओठ निळसर, पिणं बंद, हलवूनही नीट जागं न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी निघायचं. ३ महिन्यांच्या आत १००.४ ताप असेल तर बाकी सगळं ठीक वाटलं तरी जायचं.

---

मृण्मयी_जुळेसोलापूर | १:५०

मीही जागी आहे. देवा, सांभाळ पोरीला. पोचलीस की एक शब्द लिही.

---

नवीआई_२०२५ | पहाटे ४:२०

ॲडमिट केलं. ऑक्सिजन लावलाय. ब्रॉन्किओलायटिस म्हणाले.

---

सिंधूअक्का | पहाटे ४:२५

योग्य जागी आहेस आता. छोट्या श्वासनळ्यांना सूज येते त्यात. ऑक्सिजन, नाक साफ ठेवणं आणि दूध-पाणी सांभाळणं हाच मुख्य उपचार. तू दूध काढून ठेवत जा, आटू देऊ नकोस. आणि तूही काहीतरी खा.

---

मृण्मयी_जुळेसोलापूर | २४ जानेवारी, दुपारी ३:१०

सांगायचं राहिलं. पहिल्या रात्री थेंब टाकताना फार रडला, मान हलवली, निम्मं गालावर गेलं. माझाही धीर सुटला. दुसऱ्या रात्री सासूबाई म्हणाल्या, दे इकडे. मी त्यांना धागा वाचून दाखवला होता, नलूकाकूंचा प्रतिसादही. त्यांनी बाटली मुठीत धरली, तो मांडीवर, आणि तोंडाने 'अडगुलं मडगुलं' सुरू. एक मिनिट थांबायचं म्हणून त्या गाणं तीनदा म्हणतात, तेवढा वेळ बरोब्बर भरतो. तिसऱ्यांदा 'तीट लावू' म्हणताना तो जोरात शिंकला आणि लांबलचक घट्ट शेंबूड बाहेर आला. त्या इतक्या खूश झाल्या, जणू दात आला.

खुर्चीवर ओला टॉवेल असतो. शेगडी त्यांनी स्वतःच गच्चीवर नेऊन ठेवली. सिरपचं मी घरात सांगून टाकलं. नवरा काही बोलला नाही, त्याने कपाटातल्या सगळ्या जुन्या बाटल्या काढल्या, सहा निघाल्या.

काल साडेदहाला झोपला तो चारला उठला. दूध एका दमात प्यायला. खोकला आहे अजून. तो झोपेत असताना मी त्याचा श्वास मोजते रोज, २८-३० येतो.

---

नवीआई_२०२५ | २५ जानेवारी, सकाळी ११:००

काल घरी आलो. तीन दिवस ऑक्सिजन होता. आता ४० च्या आत मोजतेय, पिते आहे, लंगोट सहा-सात होतात. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणलंत ते बरं केलंत. आई तेव्हापासून सारखी रडते. अक्का, तुम्ही त्या रात्री जाग्या नसतात तर, हा विचार मी करूच शकत नाही.

---

सिंधूअक्का | सकाळी ११:२०

आईला सांग, ती बरोबर आली, बाळाला धरून बसली, तेच खूप. खोकला अजून दोन-तीन आठवडे राहील, त्याला घाबरू नकोस. मोजत राहा. दीड महिन्याची न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियासाठीची, लस झालीये का? २०२१ पासून सरकारी लसीकरणात ती मोफत आहे. पुढचा डोस साडेतीन महिन्यांना आणि मग नवव्या महिन्यात.

---

नवीआई_२०२५ | सकाळी ११:३०

पहिला झालाय. कार्डवर पुढची तारीख १२ फेब्रुवारी आहे. आईनेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय.